परवाना सपाटीचा, वाट घाटाची

(मंडळाच्या महाड येथे भरलेल्या वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण. वक्ते वकिलीचा व्यवसाय करणारे आपले ज्येष्ठ सभासद आहेत. भाषण त्यांनी लिहून दिल्याप्रमाणे छापले आहे. — संपादक)



संमेलनातील भाषणासाठी विषय कोणता, असे चिटणीसांनी मला विचारले तेव्हा ‘मोटारचालकाचा परवाना’ असे उत्तर मी दिले. चिटणीस क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. ज्ञातीचा इतिहास, विद्यार्थ्यांचे शिक्षण, विवाहातील खर्चाला आळा, हे आपल्या व्यासपीठाचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीला हा मोटारीचा विषय कोठून येऊन बसला, असे त्यांना वाटले असल्यास त्यात त्यांचा दोष नाही. परंतु आज ह्या सभागृहात बसलेल्या मंडळींकडे आपण एकवार पाहावे. मुंबई-ठाण्याची मंडळी रात्रभर बसने प्रवास करून आली आहेत. पोलादपूर तालुक्यातील खेड्यांतून आलेल्यांनी जीप ठरविली आहे. काही जण पुण्याहून घाट उतरून आले आहेत. सायंकाळी सभा संपली म्हणजे आपण सारे कोणा ना कोणा चालकाच्या हाती आपली मुलेबाळे सोपविणार आणि निश्चिंत मनाने डोळे मिटणार. लग्न जमविताना आपण मुलाच्या घराण्याची चार पिढ्यांची चौकशी करतो. आणि वऱ्हाड ज्याच्या गाडीत बसवितो त्याचे नावदेखील विचारीत नाही. ही विसंगती आपल्या ध्यानी आणून द्यावी, एवढ्यासाठीच मी आज उभा आहे.

आपला महाड-पोलादपूरचा मुलूख असा, की येथून कोठेही जावयाचे म्हटले तरी बहुधा घाट आडवा येतो. दक्षिणेस खेडकडे जाताना कशेडी. पूर्वेस महाबळेश्वराकडे चढणारा आंबेनळी. बिरवाडीच्या बाजूने भोरकडे निघणारा वरंधा. आणि उत्तरेस माणगावाहून पुण्याला जाणाऱ्या रस्त्यावरचा ताम्हिणी. कशेडीला आता बोगदा झाला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु बाकीच्या घाटांची वळणे आहेत तशीच आहेत, आणि आषाढ-श्रावणातील धुके व पाऊस कोणत्याही सरकारच्या आज्ञेत नाहीत. पोलादपूरपासून महाबळेश्वरापर्यंतची वाट सुमारे चाळीस किलोमीटरची. ती ज्याने पावसाळी रात्री एकदा तरी उतरली असेल, त्याला माझ्या विषयाचे महत्त्व निराळे पटवून द्यावयास नको.

पूर्वी आपल्याकडे चालक कसा तयार होत असे, हे येथील वृद्धांना आठवत असेल. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा मालमोटारीवर क्लीनर म्हणून लागे. गाडी पुसणे, इंजिनात पाणी घालणे, चढावर गाडी थांबली की धावत जाऊन चाकामागे दगड लावणे, धुक्यात पुढे चालून वाट दाखविणे, असे करता करता तो घाट पायांनी आणि कानांनी शिके. इंजिनाचा आवाज बदलला की आता गिअर उतरवावा लागणार, हे त्याला न सांगता कळे. अशी काही वर्षे गेल्यावर मग उस्ताद त्याच्या हाती चाक देई. ज्या गिअरमध्ये घाट चढावा त्याच गिअरमध्ये तो उतरावा. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये कधी सोडू नये. उतारावर सारखा ब्रेक दाबून धरला तर तो तापतो आणि ऐन वळणावर दगा देतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून नव्हे, तर उस्तादाच्या शिव्यांतून त्याला मिळत असे.

मात्र त्या जुन्या व्यवस्थेचा मी पोवाडा गाणार नाही. त्या उस्तादांतील कित्येकांच्या डोळ्यांची तपासणी जन्मात झाली नव्हती, आणि मुलाच्या वयाची तर कोणी विचारपूसच करीत नसे. म्हणूनच कायद्याची गरज होती. आपल्या देशात मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा १९१४ साली झाला, दुसरा १९३९ साली, आणि आज लागू असलेला १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून अंमलात आला. ह्या कायद्याने भाड्याने उतारू किंवा माल नेणाऱ्या वाहनाच्या, म्हणजे परिवहन वाहनाच्या, चालकाकडे सामान्य चालकापेक्षा अधिक कडक नजरेने पाहिले. घरची मोटार अठराव्या वर्षी चालविता येते. परिवहन वाहनास वीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. हलकी मोटार चालविण्याचा परवाना किमान एक वर्ष हाती असल्यावाचून परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. वैद्यकीय दाखला सक्तीचा. घरगुती परवाना तरुण माणसास थेट वयाच्या चाळिशीपर्यंत पुरतो. परिवहनाचा परवाना पूर्वी तीन वर्षांनी व २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. अवजड वाहन शिकविणाऱ्या शाळेने निदान तीस दिवस शिकवावे व प्रत्यक्ष चाकावर पंधरा तास द्यावे, असाही नियम आहे.

हे नियम चांगले आहेत, असे मी वकील म्हणून आणि बाप म्हणूनही म्हणतो. ज्या मुलाला मिसरूड फुटलेले नाही त्याच्या हातून बस काढून घेणे, आणि ज्याला समोरचा दिवा दोन दिसतात त्याला चाकावरून उठविणे, ह्यांनी किती प्राण वाचले असतील ह्याचा हिशेब कोठेच मांडला जात नाही. कारण न झालेल्या अपघाताची नोंद पोलीस ठाण्यात होत नसते.

परंतु नियमांचा इतिहास एकाच दिशेने कडक होत गेलेला नाही, हेही आपण जाणून असावे. २००७ साली परिवहन चालकाने निदान आठवी उत्तीर्ण असावे, अशी अट घालण्यात आली. २०१९ साली ती काढून टाकण्यात आली. हरियाणा सरकारने मेवात भागातील गरीब, अशिक्षित परंतु कुशल चालकांसाठी तशी विनंती केली होती, आणि देशात चालकांचा मोठा तुटवडा आहे, हेही कारण देण्यात आले. माझे स्वतःचे मत विचाराल, तर ही अट गेली ह्याचे मला फारसे दुःख नाही. आठवीच्या दाखल्याने ब्रेक लागत नाही. आपल्याच ज्ञातीतील ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे कशेडी चढून उतरून एकाही माणसाला ओरखडा येऊ दिला नाही, त्यांतील अनेक जण शाळेत फार शिकलेले नव्हते. परंतु अट काढताना तिच्या जागी शिक्षणाची दुसरी कोणती भक्कम व्यवस्था आपण ठेवतो, हा खरा प्रश्न आहे.

दुसरी घटना ताजी आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असा निर्णय दिला, की हलक्या मोटारीचा परवाना असलेल्या माणसाला ७,५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाचे परिवहन वाहन चालविण्यास निराळी नोंद करून घेण्याची गरज नाही. वाद विम्याचा होता. चालकाकडे परिवहनाची नोंद नाही, एवढ्या कारणावरून विमा कंपन्या नुकसानभरपाई नाकारीत. असे चालक हे अपघातांचे मोठे कारण आहे असे दाखविणारी आकडेवारी न्यायालयापुढे कोणी आणली नाही, हेही न्यायालयाने नमूद केले. अपघातात कर्ता पुरुष गमावलेल्या घरांच्या दृष्टीने हा निर्णय दिलासा देणारा आहे, आणि मी त्याचे स्वागत करतो. परंतु त्याचा दुसरा अर्थ आपण घरी बसून समजून घेतला पाहिजे. आपल्या खेड्यातून बाजाराला जाणारी जीप, शाळेच्या मुलांची व्हॅन, भाजीचा लहान टेम्पो, ह्यांचा तरुण चालक घरगुती परवान्यावर कायदेशीरपणे गाडी हाकू शकतो. आणि त्या परवान्यासाठी त्याचे डोळे चाळिशीपर्यंत कोणी तपासलेच पाहिजेत असे नाही. न्यायालयाने विम्याचे कोडे सोडविले. चालकाची पारख करण्याचे काम मात्र त्यामुळे आपल्याकडे अधिकच आले आहे.

आता परीक्षेविषयी. उतारावर चटकन खालचा गिअर टाकणे आणि चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुन्हा सुरू करणे, ह्या दोन्ही गोष्टी परीक्षेच्या नियमांत लिहिलेल्या आहेत. नियम करणाऱ्यांना चढउतार ठाऊक नव्हता, असा आरोप मी करणार नाही. परंतु परीक्षेच्या मैदानावरचा चढ काही हातांचा, आणि आंबेनळीचा मैलांचा. मैदानावर परीक्षा दिवसाउजेडी, कोरड्या जमिनीवर, रिकाम्या गाडीने, ताज्या अंगाने होते. घाटातील परीक्षा रात्री, पावसात, भरल्या गाडीने आणि थकल्या अंगाने द्यावी लागते. परवाना हा पहिल्या परीक्षेचा दाखला आहे. आपण तो दुसऱ्या परीक्षेचाही दाखला समजतो, येथे आपली फसगत होते.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, ह्यांनी कर्ज काढून एक मालमोटार घेतली होती. तिच्यावरील चालक आमच्या शेजारच्या गावचे. आम्हां भावंडांना ते काकांच्या जागी होते. वीस वर्षांचा अनुभव, परवाना चोख, सुपारीच्या खांडाचेही व्यसन नाही. १९८६ सालच्या वैशाखातली गोष्ट. आंब्याचा हंगाम ऐन भरात होता. काका रत्नागिरीचा माल मुंबईला टाकून दोन रात्रींच्या जागरणाने परत आले होते. अण्णा त्यांना म्हणाले, “काका, एवढी एक खेप करा. हंगाम काय, चार दिवसांचा.” काका म्हणाले, “अण्णा, डोळ्यांवर झापड येते हो.” अण्णा म्हणाले, “वाटेत चहा घ्या.” मी तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होतो आणि ओटीवर बसून हे ऐकत होतो. मीही काही बोललो नाही.

पहाटे कशेडीच्या उतारावर एका वळणाला गाडी वळलीच नाही. क्लीनर पाय मोडून वाचला. काका गेले.

पुढे चौकशी झाली. परवाना मुदतीत होता. गाडीचे कागद, विमा, सारे नीट होते. जो तो अण्णांना धीर देताना एकच वाक्य म्हणे, “कागद चोख आहेत, तुम्हांला काही होणार नाही.” आणि खरोखरच काही झाले नाही. भरपाईही मिळाली. काकांच्या पत्नी आमच्या घरी आल्या, तेव्हा पैशांविषयी त्यांनी एक अक्षर विचारले नाही. “त्यांना झोपू का दिलं नाहीत?” एवढेच त्या म्हणाल्या. अण्णांनी त्या पावसाळ्यात गाडी विकली. ते आज हयात नाहीत. परंतु हे चार लोकांत सांग, असे जाताना त्यांनीच मला सांगून ठेवले होते.

बंधूंनो, काकांना झोप मिळावी म्हणून कायदा नव्हता असे नाही. मोटार कामगारांचा १९६१ चा कायदा तेव्हा होताच. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम. सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. दूरच्या खेपांना काहीशी सवलत, पण तिलाही मर्यादा. पुढे २०२० च्या श्रमसंहितेत हा कायदा विलीन करण्यात आला. असे असूनही परवाना पोलीस रस्त्यावर थांबवून पाहतो. झोप कोणी थांबवून पाहत नाही. परवाना खिशात असतो. झोप डोळ्यांत असते, आणि ती पाहणारा पहिला माणूस म्हणजे गाडीचा मालक आणि दुसरा म्हणजे शेजारी बसलेला उतारू.

अलीकडच्या तीन दुर्घटना आपणां सर्वांच्या मनात आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली ह्या दोन एस.टी. गाड्या इतर वाहनांसह वाहून गेल्या. तेथे चालकाचा परवाना काय करणार? पायाखालचा पूलच नाहीसा झाला होता. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. एक जण वगळता सारे गेले. २० डिसेंबर २०२४ रोजी पुण्याहून आपल्या बिरवाडीकडे लग्नाला येणारी वऱ्हाडाची बस ताम्हिणी घाटात उलटली व पाच जण दगावले. ह्या अपघातांची कारणे सांगण्याचा मला अधिकार नाही, आणि गेलेल्या चालकांवर मी बोट ठेवणार नाही. मी एवढेच दाखवितो, की ह्यांतील दोन गाड्या आपल्यासारखीच हौसेने किंवा मंगलकार्याला निघालेली मंडळी घेऊन घाटात शिरल्या होत्या. देशात २०२२ साली १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्यू पावली, म्हणजे दररोज साडेचारशेहून अधिक. हा आकडा मोठा असल्यामुळेच मनाला लागत नाही. बिरवाडीचे वऱ्हाड मात्र लागते.

मग करावे काय? प्रथम सरकारकडे मागावयाची गोष्ट सांगतो. आपल्या महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांचे टँकर येतात-जातात. अशा धोकादायक मालाच्या चालकाला नुसता परवाना पुरत नाही. त्याला लिहितावाचता यावे लागते आणि तीन दिवसांचे खास शिक्षण घेऊन दाखला मिळवावा लागतो. म्हणजे माल निराळा असेल तर चालकाची तयारीही निराळी हवी, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. मग वाट निराळी असेल तर? उत्तराखंडात डोंगरी मार्गावर व्यावसायिक वाहन चालविणाऱ्याला परवान्यावर तशी स्वतंत्र नोंद करून घ्यावी लागते. जे हिमालयाच्या पायथ्याशी होते, ते सह्याद्रीच्या पायथ्याशी का होऊ नये? पेण येथील परिवहन कार्यालयाकडे आणि तेथून वर शासनाकडे, बस व मालमोटारीच्या चालकांना घाटाचे निराळे शिक्षण व नोंद असावी, असा अर्ज आपल्या मंडळाने करावा. हे काम एका ज्ञातीचे नाही, हे मला मान्य आहे. म्हणून तालुक्यातील इतर ज्ञातिसंस्थांनाही त्यात बरोबर घ्यावे.

परंतु सरकारचे उत्तर येईपर्यंत आपण हात बांधून बसण्याचे कारण नाही. आपल्या हातातील चार गोष्टी मी सुचवितो.

पहिली : लग्नाला, यात्रेला वा संमेलनाला गाडी ठरविताना भाड्याच्या घासाघिशीपूर्वी चालकाचा परवाना पाहावा. मोठी बस असेल तर परिवहनाची नोंद व मुदत पाहावी. घाट त्याच्या ओळखीचा आहे का ते विचारावे. आणि तो शेवटचा केव्हा झोपला हेही विचारावे. रात्रीच्या लांब प्रवासाला दोन चालक मागावे. चार पैसे अधिक पडतील. ते वाजंत्रीतून वाचवावे.

दुसरी : वयात न आलेल्या मुलाच्या हाती गाडी देण्याची हौस सोडावी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड सांगितला आहे, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. शिक्षेच्या भीतीने का होईना, पण हे थांबावे.

तिसरी : आपल्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी दोन तरी मुलांना चालकाचे शिक्षण द्यावे. २०२१ च्या नियमांनी मान्यताप्राप्त केंद्रांतून अवजड वाहनाचा अडतीस तासांचा, सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम आखून दिला आहे. दलालाच्या हाती पैसे मोजून परवाना घरी आणविण्यापेक्षा ते पैसे शिकण्यात घालावे. डॉक्टर-इंजिनिअर होणाऱ्या मुलांचा सत्कार आपण करतोच. पन्नास माणसांचा जीव रोज सांभाळणाऱ्या मुलाच्या गळ्यातही एक हार पडावा.

चौथी गोष्ट सर्वांत लहान आहे, आणि ती आजच करता येईल. ह्या सभागृहाबाहेर आपल्याला घेऊन आलेल्या गाड्या उभ्या आहेत. त्यांचे चालक कोठे आहेत? सकाळी मी पाहिले, तेव्हा एक जण बसच्या पायरीवर बसल्या बसल्या पेंगत होता. रात्री तोच आपल्याला परत नेणार आहे. मंडळाने पुढील संमेलनापासून चालकांसाठी एक शांत खोली, चटया आणि वेळेवर जेवण ठेवावे, असा ठराव मी मांडणार आहे. तो मंजूर होण्याची वाट न पाहता, आज दुपारच्या पहिल्याच पंक्तीत त्यांना आपल्याबरोबर बसवावे आणि जेवण झाल्यावर वरच्या मजल्यावरील वर्गखोली त्यांना निजावयास उघडून द्यावी, अशी माझी अध्यक्षमहाराजांना विनंती आहे. करमणुकीचे कार्यक्रम थोडे लांबले तरी चालतील. त्यांना कोणी उठवू नये.

कायदा चालकाला चाकापर्यंत आणून बसवितो. तेथून घरापर्यंतची वाट त्याची एकट्याची नाही, आपलीही आहे. ज्या प्रश्नाला माझ्या घरातून चाळीस वर्षे उत्तर देता आले नाही, तो प्रश्न आपल्यापैकी कोणाच्याही दारात कोणी येऊन विचारू नये, एवढीच ईश्वरचरणी प्रार्थना.